मागच्या सीटचा आवाज पुन्हा गेला? घरी बांधलेल्या विमानातल्या हेडसेटची तपासणी

तक्रार अशी आहे. इंजिन बंद असताना चौघंही हेडसेट लावून बसतात, "ऐकू येतंय का?" "हो, छान येतंय," असं होतं आणि आपण निर्धास्त होतो. टॅक्सी करत धावपट्टीच्या टोकाला गेलो, इंजिन चढवलं, की मागच्या सीटवरचं बोलणं तुटायला लागतं. कधी वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो, कधी त्या माईकमधून वाऱ्याचा घोंगाट सगळ्यांच्या कानात घुसतो, कधी बारीक शिट्टी ऐकू येते. पुढच्या दोघांचं मात्र व्यवस्थित चालू असतं. उतरून हँगरमध्ये तपासावं तर काही सापडत नाही, आणि पुढच्या महिन्यात पाहुणे आले की पुन्हा तेच.

माझं विमान आरव्ही-१०. ओरेगन राज्यातल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे, तिचं हे किट. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, चार सीट, पुढे लायकॉमिंगचं २६० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन. शिकागोच्या पश्चिमेला एका छोट्या तळावर आमचं हँगर आहे. मराठी माणसाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात हळूहळू आपलीही माणसं दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. या एका तक्रारीमागे माझे दोन उन्हाळे गेले, आणि शेवटी कळलं की ती एक तक्रार नव्हतीच. तीन-चार वेगवेगळे बिघाड एकाच लक्षणाआड लपले होते. एक दुरुस्त केला की वाटायचं संपलं.

हे मागच्याच सीटला का होतं, त्याचं कारण साधं आहे. नवीन विमानाला पहिले ४० तास (इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर सहसा २५) चाचणी उड्डाणं करावी लागतात आणि त्या काळात प्रवासी बसवायला मनाई असते. म्हणजे पुढच्या सीटचे हेडसेट त्या तासांमध्ये रोज वापरले जातात, खोडी असतील त्या निघतात. मागच्या जॅकची (हेडसेटचा प्लग घालायच्या भोकाची) वायर मात्र सीटकव्हर चढायच्याही आधी ओढलेली असते, एकदा जमिनीवर "हॅलो हॅलो" म्हणून तपासलेली असते, आणि मग तिच्यावर पहिल्यांदा खरा भार येतो तो थेट आई-बाबा बसतात तेव्हा.

आणि ही केवळ सोयीची गोष्ट नाही. माझे आई-बाबा सांगलीहून आले होते तेव्हाचा प्रसंग. उतरायच्या आधी शेवटच्या वळणात होतो, वेग कमी केलेला, जमीन जवळ. आईला मळमळायला लागलं होतं. ती बोलत होती, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी बाबांनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मी मान वळवून मागे बघितलं. सेकंद-दीड सेकंद असेल. त्या वळणात मान मागे वळवणं ही विमानातल्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी एक आहे. त्या दिवशी ठरवलं, मागचा माईक चालत नसेल तर मागे कुणी बसणार नाही.

तपासणी कुठून सुरू करायची, हे आधी सांगतो. पॅनल उघडू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं, ऑडिओ पॅनलचा मागचा कनेक्टर काढून एकेक पिन तपासत दोन शनिवार घालवले. बिघाड पॅनलमध्ये नव्हता. डोक्यापासून सुरुवात करा, मग प्लग, मग जॅक, मग वायर, आणि पॅनल सगळ्यात शेवटी. त्याला एकच अपवाद: पॅनलवरचं इंटरकॉमचं (विमानातल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याच्या यंत्रणेचं) बटण 'आयएसओ'वर राहिलं नाही ना, ते आधी बघा. त्या स्थितीत पायलट एकटा रेडिओवर असतो आणि मागच्यांचं बोलणं त्याच्यापर्यंत येतच नाही.

आता डोकं. विमानाच्या हेडसेटचा माईक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. दोन्हीकडून सारखा येणारा गोंगाट एकमेकांना खातो, आणि ओठांना लागून असलेल्या बाजूनं आलेला आवाज तेवढा उरतो. म्हणून बोलायच्या बाजूवर कंपनी एक पांढरा ठिपका देते. माईक उलटा फिरला तर बोलणं इतकं पडतं की इंटरकॉमचं दार, म्हणजे पुरेसा मोठा आवाज आला तरच माईक चालू करणारं सर्किट, उघडतच नाही. गंमत अशी की माईकवर फोमची टोपी असते आणि ठिपका नेमका तिच्याखाली झाकलेला असतो. प्रवाशाला तो दिसणार कसा?

आईच्या बाबतीत हेच घडत होतं. तिचा अंबाडा पट्ट्याला अडायचा, म्हणून ती हेडसेट काढून पुन्हा लावायची, आणि दुसऱ्या वेळी डावं-उजवं उलटं व्हायचं. माईकची दांडी उजवीकडून आली की ती फिरवून तोंडापुढे आणायची, आणि त्या फिरवण्यात माईकचं तोंड बाहेर जायचं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मी शेवटी फोमच्या टोपीच्या लगत, दांडीवर, लाल नेलपेंटचा ठिपका दिला. आई त्याला टिकली म्हणाली. तेव्हापासून आमची सूचना तीच आहे: टिकली ओठांकडे. लहान मुलांनाही एकदा सांगितलं की लक्षात राहतं.

अंतराचंही तसंच. लोक माईक हनुवटीपर्यंत खाली ढकलतात, तोंडासमोर काही नको म्हणून. तो ओठांच्या कोपऱ्यापासून तीन ते सहा मिलिमीटरवर हवा, म्हणजे जवळजवळ टेकलेलाच. चार बोटं लांब गेला तर मोठ्यानं ओरडूनही उपयोग नाही.

कानाच्या गादीखाली चष्म्याची जाड काडी, कुड्या, ओढणीची कड, टोपीची किनार, काहीही अडकलं की फट पडते. त्या फटीतून इंजिनाचा आवाज आत येतो आणि प्रवासी म्हणतो, "मला तुझं ऐकू येत नाही." खरं म्हणजे आवाज पोहोचतो आहे, पण बुडतो आहे. हेडसेटवर स्वतःचं छोटं व्हॉल्यूम बटणही असतं, बहुतेकांच्या लक्षात न येणारं. ते शून्यावर फिरलेलं असतं असं मला निदान चार वेळा आढळलंय.

इथे आवाज रद्द करणाऱ्या हेडसेटबद्दल थोडं. प्रोपेलरच्या विमानातला गोंगाट खालच्या पट्टीचा असतो. हिशेब सोपा आहे: इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ४० झाल्या, सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला तीन स्फोट, म्हणजे १२० हर्ट्झ. दोन पात्यांच्या प्रोपेलरचा घोंगाट ८० हर्ट्झचा. इतक्या खालच्या आवाजापुढे नुसता फोम फारसं काही करू शकत नाही, आणि आवाज रद्द करणारं सर्किट नेमकं तिथेच कामाला येतं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. पुढे १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' हे विमान कुठेही न थांबता, हवेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, तेव्हा डिक रुटान आणि जीना येगर यांच्या कानांवर बोसच्या हेडसेटचे सुरुवातीचे नमुने होते. व्हॉयेजरही कारखान्यातलं विमान नव्हतं, मोहावीच्या वाळवंटातल्या एका हँगरमध्ये हातानं बांधलेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

व्यवहारात एवढंच बघायचं की बॅटरी ताजी आहे का. सेल संपले की बहुतेक हेडसेटचं बोलणं-ऐकणं चालूच राहतं, पण गोंगाट एकदम वाढतो आणि प्रवासी घाबरतो, इंजिनाला काही झालं असं त्याला वाटतं. आणि गादीला फट असली की हे सर्किट वळणात नाहीतर धक्क्यात भुसभुस, टकटक असा आवाज काढतं. तो बिघाड नाही, गादी नीट बसवा.

डोक्याचं झालं, आता प्लग. विमानाच्या हेडसेटला दोन प्लग असतात. ऐकायचा जाड, ६.३५ मिलिमीटरचा. बोलायचा बारीक, साधारण ५.२ मिलिमीटरचा. जाड प्लग बारीक भोकात जात नाही, पण बारीक प्लग जाड भोकात अगदी आरामात जातो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात प्रवासी चाचपडत बारीक प्लग आधी घालतो, तो चुकीच्या भोकात बसतो, आणि जाड प्लगला मग जागाच राहत नाही. मी आता मागच्या जॅकभोवती दोन रंगांचे कडे रंगवले आहेत आणि प्लगला त्याच रंगाची टेप गुंडाळली आहे.

अर्धवट बसलेला प्लग हा त्याहून त्रासदायक. माझे मागचे जॅक दोन सीटच्या मध्ये, कमरेच्या उंचीवर आहेत. पट्टा ओढताना हात लागतो आणि प्लग दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो. इतकं पुरतं. माईकच्या प्लगवर टोकाला रेडिओ चालू करायचा संपर्क असतो, मधल्या कड्यावर बोलण्याचा, आणि मुळाशी ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट. प्लग सरकला की हे संपर्क एकमेकांच्या जागी येतात. म्हणूनच एक कळकळीची विनंती: मागच्या जॅकमध्ये टोकाची वायर जोडूच नका. प्रवाशाला रेडिओवर बोलायचं नसतं, आणि ती जोडलेली असेल तर सरकलेला प्लग तुमच्या नकळत प्रक्षेपण चालू ठेवू शकतो. आमच्याकडे आजूबाजूचे छोटे तळ एकाच १२२.८ मेगाहर्ट्झवर बोलतात. एक रेडिओ अडकला तर सगळ्यांचं बोलणं बंद पडतं.

इथपर्यंत सगळं बघूनही तक्रार राहिली तर अदलाबदल करा. वाईट सीटचा हेडसेट चांगल्या सीटला लावा. तक्रार हेडसेटबरोबर गेली तर दोष हेडसेटचा, सीटपाशीच राहिली तर जॅकचा किंवा वायरचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते इंजिन चालू असताना करा, कारण बंद इंजिनात दोष दिसतच नाही. प्लग बदलणारा माणूस मात्र आधीपासून आत पट्टा बांधून बसलेला हवा. फिरत्या प्रोपेलरच्या विमानात चढ-उतार करू नका, करूही देऊ नका.

अदलाबदलीत एक फसवणूक आहे. मागे जुना मोनो हेडसेट लावला आणि जॅक स्टिरिओ असेल, तर मोनो प्लगचा मुळाकडचा लांब भाग उजव्या कानाच्या संपर्काला ग्राउंडशी जोडतो. काही इंटरकॉममध्ये त्यामुळे सगळ्यांचाच उजवा कान जातो. उसना आणलेला हेडसेट लावल्यावर अचानक आवाज एका बाजूला आला तर आधी हाच संशय घ्या. बऱ्याच हेडसेटवर मोनो-स्टिरिओचं बारीक बटण असतं, बॅटरीच्या डबीत नाहीतर कानाच्या कपावर.

दोष सीटपाशी राहिला तर व्होल्टेज मोजायचा मीटर हातात घ्या. विमानाच्या माईकला इंटरकॉमकडून थोडा डीसी व्होल्टेज लागतो, त्याशिवाय तो मुका. हेडसेट काढून, इंटरकॉम चालू ठेवून, माईकच्या जॅकमध्ये मधलं कडं आणि मूळ यांच्यात मोजा. साधारण ८ ते १६ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं, आणि हेडसेट लावल्यावर ते उतरायला हवं. शून्य आलं तर वायर तुटली आहे किंवा तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली आहे.

माझ्या डाव्या मागच्या जॅकवर ११ च्या आसपास येत होतं, अगदी ठीक. मीटर लावलेला ठेवून मी बोटानं वायर हळूच हलवली, आणि आकडा धपकन शून्यावर आला. सोडलं की पुन्हा ११. सोल्डर, म्हणजे जोडणीसाठी वितळवलेला धातू, वायरमध्ये वर चढलं होतं आणि तिथे वायर काडीसारखी कडक झाली होती. कडक भाग संपतो तिथे, कंपनानं, आतल्या तारा एकेक करून तुटल्या होत्या. बाहेरचं आवरण शाबूत, त्यामुळे नजरेला काही दिसत नव्हतं. ती मीच केलेली जोडणी होती, सोल्डर जास्त घातलं होतं. नवीन जोडणीत सोल्डर कमी, वर आकुंचन पावणारी नळी, आणि जॅकपासून दोन बोटांवर वायर बांधून टाकली, म्हणजे हादरे जोडणीपर्यंत पोहोचत नाहीत. तो जॅक तेव्हापासून बोललेला नाही असं एकदाही झालं नाही.

शिट्टीचं प्रकरण वेगळं. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर शिट्टी चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनरेटरची. जमिनीवर क्षणभर अल्टरनेटरचा फील्ड (त्याला वीज तयार करायला लागणारा पुरवठा) बंद करून बघा, शिट्टी थांबली की खात्री झाली. पण अल्टरनेटर बदलायला धावू नका. तो सगळीकडे तेवढाच गोंगाट करतो, प्रश्न तो हेडसेटमध्ये शिरतो कसा हा आहे. जॅकचं धातूचं अंग म्हणजे ग्राउंड, आणि ते विमानाच्या सांगाड्याला टेकता कामा नये. टेकलं तर ग्राउंडला दोन वाटा होतात, एक वायरमधून पॅनलकडे आणि दुसरी सांगाड्यातून, आणि त्या दोघींमधला फरक कानात ऐकू येतो. म्हणून जॅकला वीज न वाहणाऱ्या फायबरचे दोन वॉशर असतात, एक खांदा असलेला भोकात बसणारा, एक सपाट.

माझ्याकडे बाबा सीटला टेकून बसले की शिट्टी यायची, पुढे झुकले की जायची. आधी वाटलं योगायोग. मग जॅकची पट्टी उघडली तर खांद्याच्या वॉशरला केसासारखी चीर. नट जास्त आवळल्यानं गेली होती. पट्टीवर दाब आला की जॅक अ‍ॅल्युमिनियमला टेकायचा, दाब सुटला की सुटायचा. पन्नास-साठ सेंटचा वॉशर. हे मीटरनं तपासायचं असेल तर पॅनलचा कनेक्टर आधी काढा, नाहीतर पॅनलमधून ग्राउंड येऊन मीटर तुम्हाला कायम जोडलेलंच दाखवेल. केबलच्या जाळीचंही टोक एकाच बाजूला, पॅनलकडे, जोडा. फायबरग्लासच्या विमानात सांगाडा वीज वाहत नाही, त्यामुळे वॉशरची ही भानगड नाही, पण बाकी सगळं लागू आहे.

फोन चार्जिंगला लावून त्याच फोनची गाणी वायरनं इंटरकॉममध्ये दिली तरी अशीच शिट्टी येते. चार्जरची वायर काढून बघा. आणि स्वस्त यूएसबी चार्जर रेडिओवरही खरखर आणतात, ते विमानात नकोतच.

आता स्क्वेल्च, म्हणजे आवाज किती मोठा झाला की माईकचं दार उघडायचं ते. पहिला शब्द गिळला जात असेल तर मर्यादा फार वर आहे, घोंगाट सतत येत असेल तर फार खाली. जमिनीवर, इंजिन मंद असताना ती लावणं निरुपयोगी. समतल उड्डाणात, नेहमीच्या पॉवरला, सगळे गप्प असताना बटण घोंगाट थांबेपर्यंत फिरवा आणि तिथून केसभर पुढे, बस. काही पॅनल हे आपोआप करतात, पण तेही माईक ओठांशी आहे असं धरूनच चालतात.

माझ्या छतात मागच्यांसाठी हवेचे दोन झरोके आहेत. उन्हाळ्यात प्रवासी झरोका सरळ तोंडावर घेतो आणि ती हवा माईकवर आपटून दार सतत उघडं ठेवते. फोमची टोपी फाटकी असेल तर विचारायलाच नको. झरोका छातीकडे वळवला की घोंगाट थांबतो. रिकाम्या सीटचा हेडसेट जॅकला लावून लोंबकळत ठेवू नका, तोही माईक गोंगाट ऐकत असतो. प्लग काढून ठेवा.

प्रवाशांना मी एक सवय लावतो: आधी एक लहानसा शब्द बोला, मग वाक्य. दार त्या शब्दानं उघडतं आणि बाकीचं पूर्ण येतं. आमच्या घरात हे शिकवावं लागलं नाही, आईचं प्रत्येक वाक्य "अरे"नं सुरू होतं. उड्डाणाआधी, इंजिन १८०० फेऱ्यांवर असताना, मागचे दोघं एकामागून एक एक ते पाच आकडे म्हणतात. दोघांचे पाचही आकडे स्पष्ट आले तरच धावपट्टीवर जातो.

उजव्या मागच्या सीटवर अजून एक बारीक टिकटिक उरली आहे, पंखांच्या टोकांचे लुकलुकते दिवे लावले की त्यांच्याच तालात येणारी. त्या दिव्यांची वायर आणि उजव्या माईकची केबल केबिनच्या फरशीखाली जवळजवळ दीड मीटर एकाच जुडग्यात बांधलेली आहे, हे मला आता ठाऊक आहे. हिवाळ्यात वार्षिक तपासणीला मधलं आच्छादन निघेल, तेव्हा माईकची केबल दुसऱ्या बाजूनं नेणार आहे. तोवर उजवीकडे बाबा बसतात, त्यांना ती ऐकू येत नाही.